ब्रेक ऑइलचा रंग

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा 'एआयवर दहा मिनिटं बोल' अशी मागणी होती. मी म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्याच तुकडीत निदान पंधरा जण निघतील आणि सगळे माझ्यापेक्षा जास्त खात्रीने बोलतील. मला स्वतःच्या हाताने केलेलं काही सांगायचं असेल तर विषय एकच आहे : घरच्या घरी गाडीचं इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलणं. पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, "कुठली गाडी?" मी म्हटलं, "स्पोर्ट्स कार." लगेच होकार मिळाला.

तेव्हा आधीच सांगून टाकते. फेरारीच्या आशेने पुढच्या रांगेत बसलेल्यांनी चहाला जायला हरकत नाही. माझी गाडी आहे सॅन स्टॉर्म. आपली दहावी झाली १९९७ साली आणि त्याच्या पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, ही गाडी बाजारात आली. बंगळुरूच्या सॅन कंपनीची, गोव्यात बांधलेली, दोन माणसांची, कापडी टपाची, फायबरग्लासच्या अंगाची. डिझाइन ब्रिटनच्या ले मान्स ग्रुपचं, इंजिन फ्रान्सच्या रेनॉचं, ११४९ सीसी, ६० अश्वशक्तीचं. साठ! आज यापेक्षा जास्त ताकदीची गाडी घेऊन लोक भाजी आणायला जातात. पण ही अंगाने हलकी आहे, जमिनीलगत बसते, आणि टप उघडून पामबीच रोडवर पन्नासने निघाली तरी आत बसलेल्याला नव्वदचा भास होतो. तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही यावर तज्ज्ञांनी भांडावं. मी म्हणते.

ती मी २०१६ च्या मे महिन्यात मडगावच्या एका गृहस्थांकडून घेतली. गाडी २००१ ची. सोबत बिलांची जाड फाइल. मी सॉफ्टवेअरमधली बाई, कागदपत्रं नीट असली की मला माणूस आवडायला लागतो. फाइलमध्ये अगदी वरचं बिल होतं ते तीन महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसिंगचं. इंजिन ऑइल बदललं, गिअर ऑइल बदललं, कूलंट बदललं, ब्रेक ऑइल बदललं. प्रत्येक ओळीपुढे रक्कम आणि खाली शिक्का.

मुंबई-गोवा महामार्गाची तेव्हाची अवस्था इथे कुणाला सांगायला नको. म्हणून आंबोली चढून कोल्हापूर, पुणे आणि मग द्रुतगती मार्गाने खाली, असा बेत होता. शेजारी माझा मावसभाऊ. कोल्हापूर झालं, पुणे झालं, सगळं उत्तम. दुपारी तीनच्या उन्हात खंडाळ्याचा उतार सुरू झाला. पुढे ट्रकांची रांग, त्यामुळे थोडं धावायचं, ब्रेक दाबायचा, परत धावायचं असं चाललेलं. अमृतांजन पूल तेव्हा उभा होता (तो एप्रिल २०२० मध्ये पाडला), तो मागे गेला, आणि त्याच्या पुढच्या एका वळणाआधी ब्रेकचं पेडल पायाखाली जरा जास्तच आत गेलं. पुढच्या वेळी आणखी आत. तिसऱ्या वेळी ते ओल्या स्पंजसारखं झालं आणि जवळजवळ खाली टेकलं. ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना एवढंच सांगते की जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं पोटात होतं.

"ताई, काय झालं?" भावाने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, बोलू नकोस." पेडल भराभर तीनचारदा पंप केलं, थोडासा दाब परत आला. गिअर तिसरा, मग दुसरा. इंजिन किंचाळलं, पण गाडी इंजिनाच्या ओढीने सावकाश झाली. हँडब्रेक बोटाने ओढत ओढत डाव्या कडेला घेतली आणि जागा मिळताच उभी केली. मागच्या ट्रकवाल्याने जे काही म्हटलं ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

आता इथून पुढे गंमत आहे. बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलचा डबा काठोकाठ भरलेला. चाकांपाशी एक थेंबही गळलेला नाही. पाऊण तास आम्ही कडेला बसून राहिलो, चाकं गार झाली, आणि पेडल परत होतं तसं घट्ट! काहीच झालं नव्हतं अशा थाटात. ऑइल गळालेलं असतं तर पेडल असं परत आलं नसतं. तापल्यावर जातं आणि गार झाल्यावर येतं, याचा अर्थ आत काहीतरी उकळत होतं.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, पास्कलचा नियम तुम्ही दोन इंजेक्शनच्या सिरिंजा नळीने जोडून शिकवला होता. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा वर येतो. ब्रेक म्हणजे तेवढंच आहे. पायाने एक दट्ट्या दाबायचा आणि चाकांपाशी दुसरे पुढे सरकतात. मध्ये द्रव असतो, आणि द्रव दाबून लहान होत नाही म्हणूनच हे चालतं. त्या नळीत हवेचा किंवा वाफेचा एक फुगा शिरला की तुमचा पाय तो फुगा दाबत बसतो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही.

वाफ कुठून आली? आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नसतंच. ते ग्लायकॉल जातीचं रसायन असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डब्याच्या झाकणातून, रबरी नळ्यांच्या अंगातून, गाडी नुसती उभी असली तरी. डॉट ४ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असं मानक आहे. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चं गणित २०५ आणि १४०. घाटात सतत ब्रेक दाबताना चाकापाशी एवढं तापणं मुळीच अवघड नाही. आणि आपण राहतो कुठे? जिथे पावसाळ्यात बिस्किटाचा पुडा उघडला तर संध्याकाळपर्यंत बिस्किटं मऊ पडतात तिथे. कुलाब्यापासून पनवेलपर्यंत आणि खाली गोव्यापर्यंत प्रत्येक गाडीचं ब्रेक ऑइल त्या बिस्किटांसारखंच वागत असतं.

कुणी म्हणेल, मग पाणी न शोषणारं का नाही वापरत? तसं सिलिकॉनचं असतं, डॉट ५ नावाचं. पण पाणी आत शिरायचं थांबत नाही. ते न मिसळता थेंबाथेंबाने खालच्या भागात साचतं, तिथे गंज धरतो, आणि तो थेंब शंभराच्या आसपासच उकळतो. म्हणजे पाणी पिणारं रसायनच शहाणं, फक्त ते वेळच्या वेळी बदलायला हवं. साधारणपणे दोन वर्षांनी. मी दरवर्षी बदलते. आणि डॉट ५.१ हे नाव डॉट ५ सारखं वाटलं तरी ती ग्लायकॉलचीच जात आहे, सिलिकॉनची नाही. दुकानात हा गोंधळ हमखास होतो.

मग ते बिल? घरी आल्यावर पुढच्या रविवारी गाडी घोड्यांवर चढवली आणि चारही चाकं काढली. प्रत्येक चाकामागे जुनं ब्रेक ऑइल बाहेर काढायची एक छोटी निपल असते, तिच्यावर रबरी टोपी. ही निपल सोडवल्याशिवाय ऑइल बदलताच येत नाही. माझ्या गाडीच्या चारही टोप्यांवर तांबड्या मातीचा पापुद्रा होता, भिंतीला गिलावा करावा तसा. दोन निपल अशा गंजल्या होत्या की गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवाव्या लागल्या. त्या कित्येक वर्षांत कुणी हलवल्या नव्हत्या. गॅरेजवाल्याने वरच्या डब्यात थोडं नवं ऑइल ओतलं होतं, झाकण लावलं होतं आणि बिल फाडलं होतं. वरून पाहणाऱ्याला ते स्वच्छ, फिकट मधासारखं दिसत होतं. खाली चाकाजवळून जे निघालं ते आपल्या शाळेच्या कँटीनमधल्या कॉफीच्या रंगाचं होतं. (मागच्या रांगेतले हसले, म्हणजे कॉफी आठवतेय.)

आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथल्या अर्ध्या लोकांना माहीत आहे. काम न करता तिकीट बंद करणं. फरक एवढाच की आमच्याकडे फार तर शुक्रवारी रात्री कुणाचा तरी फोन वाजतो.

त्या दिवसापासून ब्रेकचं काम मी बाहेर दिलेलं नाही. यात फार मोठं कौशल्य लागत नाही, पण दोन माणसं लागतात. एक चाकाशी आणि एक पेडलवर. पेडलवर माझी आई असते. वय ७४. कापडी टप लावलेल्या, जमिनीपासून वीतभर उंचीच्या त्या गाडीत आई शिरते तो सोहळा बघायला वॉचमनकाका मुद्दाम येतात. आधी टप उघडायचा, मग बैठकीवर जाड उशी, मग पाय आत. बसल्यावर मात्र ती हुकमी एक्का असते. मी चाकाशी पाठ टेकून बसते. निपलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत, बाटलीत थोडं ब्रेक ऑइल, म्हणजे हवा उलटी आत ओढली जात नाही.

"आई, दाब."

"दाबलं."

"धरून ठेव हं, सोडू नकोस." मी निपल अर्धा आटा सोडवते, नळीतून काळं ऑइल पळतं, पेडल आत जातं. निपल बंद. "आता सोड."

"सोडलं. किती वेळा अजून?"

"वीस."

"काल वीसच म्हणाली होतीस गं पोळ्यांच्या वेळी."

सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांत मागचं डावं. नळीत नवं, फिकट ऑइल दिसेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत. दर सातआठ दाबांनी उठून वरचा डबा भरायचा. तो रिकामा झाला की हवा आत गेली आणि सगळी मेहनत पहिल्यापासून. चारही चाकांना मिळून अर्धापाऊण लिटर लागतं. उरलेली बाटली जपून ठेवायची नाही, उघडल्यापासून तिचं पाणी पिणं सुरू झालेलं असतं. आणि गाडीच्या रंगावर एक थेंब जरी सांडला तरी लगेच भरपूर पाण्याने धुवायचा, नाहीतर रंग उचलला जातो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रंग बघून पाणी कळत नाही. काळं ऑइल जुनं असतं हे खरं, पण फिकट ऑइलातही पाणी मुरलेलं असू शकतं. म्हणून मी डब्यावर तारखेची पट्टी चिकटवते. आईच्या अक्षरात.

इंजिन ऑइल त्या मानाने सोपं. गाडी पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट करायचं, खालचा बोल्ट उघडायचा, जवळपास चार लिटर निघतं, फिल्टर बदलायचा, बोल्टाखालचा तांब्याचा वायसर नवा घालायचा. अडचण त्या बोल्टाचीच होती. सगळ्या जगात पान्याने फिरवायचा षटकोनी बोल्ट असतो. रेनॉने त्यात आठ मिलिमीटरचं चौकोनी भोक ठेवलेलं आहे. आपल्या सॉकेट सेटमधला लहान चौकोन त्यात गडगडतो, त्याच्या वरचा शिरत नाही. तुर्भ्याच्या एका लेथवाल्याने आठ मिलिमीटरच्या चौरस पोलादी सळईचा तुकडा वाकवून दिला, पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "मॅडम, हे स्वतः करणार?" कार्यानुभवाच्या तासाला मुलांना वायरिंग आणि आम्हाला रुमालाच्या कडा शिवायला दिल्या होत्या, तेव्हा त्याच्या प्रश्नाचं मला नवल वाटलं नाही. तो तुकडा आजही माझ्या पेटीत आहे.

गिअर ऑइलबद्दल एकच. गॅरेजमध्ये सगळ्याला एकच जाड ऑइल ओततात. रेनॉच्या या जातीच्या गिअरबॉक्सला पातळ, ७५डब्ल्यू-८० लागतं. सकाळी दुसरा गिअर अडखळतो, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

कूलंटचं मात्र नीट सांगायला हवं. मुंबईत कुठे बर्फ पडतो, साधं पाणी घाल, असं सल्ला देणारे पुष्कळ. पण निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर या मिश्रणाचा उकळबिंदू पाण्यापेक्षा वर जातो आणि लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनिअमचं हेड दोन्ही गंजापासून वाचतात. मोरबे धरणाचं पाणी प्यायला कितीही गोड असलं तरी त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. पण हेच कूलंट चवीला गोड असतं आणि ते विष आहे. एथिलीन ग्लायकॉल. मांजर, कुत्रं ते आवडीने चाटतं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्या नेरूळच्या सोसायटीत सात मांजरं आहेत, त्यांतली दोन माझ्याच बॉनेटवर झोपतात. म्हणून कूलंट काढायच्या दिवशी मी मध्येच चहालाही जात नाही. तसराळं झाकल्याशिवाय जागा सोडायची नाही.

सोसायटीवरून आठवलं. पहिल्या वर्षी मला कमिटीचं पत्र आलं होतं. पार्किंगमध्ये 'गॅरेजसदृश काम' करू नये. मी चिडले नाही, कारण त्यांची भीती रास्त होती. ज्या कोपऱ्यात मी काम करते तिथून चार पावलांवर पावसाच्या पाण्याची जाळी आहे. त्या जाळीत पडलेलं सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात जात नाही. नवी मुंबई भरतीच्या पातळीलगत वसवलेली, म्हणून सिडकोने जागोजागी धारण तलाव केले. भरतीला त्यांच्या झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. म्हणजे माझ्या पार्किंगमधलं चार लिटर काळं ऑइल जाळीतून तलावात आणि तलावातून खाडीत. जी खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर यादीत आहे तिथे.

मी कमिटीला उत्तर लिहिलं, आणि उत्तरासोबत त्यांना खाली बोलावून दाखवलं. मोठा पत्र्याचा ट्रे, त्याखाली पुठ्ठे, सुताराकडून आणलेला पोतंभर भुसा, आणि जाळीवर टाकायला जुना रबरी पाट. वर्षातून दोन रविवार, सकाळी आठ ते बारा, अशी परवानगी मिळाली. सेक्रेटरी स्वतः तासभर उभे होते. जाताना म्हणाले, "आमच्या गाडीचं ब्रेक ऑइल कधी बदललंय, बघता का जरा?" पाहिलं. त्यांच्याही टोप्यांवर गिलावा होता.

जुन्या ऑइलचं काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. ते फुकट न्यायला माणसं तयार असतात. शेजारच्या बांधकामाचा मुकादम दोनदा येऊन गेला, त्याला शटरिंगच्या फळ्यांना लावायला हवं होतं. गावाकडे वाळवी लागू नये म्हणून दारं-वाशांना लावतात. मी देत नाही. वापरलेल्या ऑइलात इंजिनातल्या धातूंचा अंश असतो, जळण्यातून आलेली कर्करोगकारक द्रव्यं असतात, आणि फळ्यांना लावायला ती उघड्या हातांनी कापडानेच लावली जातात. कायद्याने हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांनुसार तो अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा, आणि १ एप्रिल २०२४ पासून तो परत गोळा करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. मी ते नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरते, वर तारीख लिहिते, आणि ज्या मोठ्या वर्कशॉपमधून असं ऑइल पिंपाने उचललं जातं तिथे नेऊन देते. इंजिन ऑइल वेगळं, ब्रेक ऑइल वेगळं, कूलंट वेगळं. एकात एक मिसळलं की त्यावर पुढे प्रक्रिया करणं अवघड होतं. पहिल्यांदा वर्कशॉपवाला माझ्याकडे बघतच राहिला. आता तो कॅन घेतो, आणि पिंपात ओतताना मला बाजूला उभं राहू देतो, कारण मी तसं मागितलं आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. ज्यांना आपल्या गाडीच्या टोप्या बघायच्या असतील त्यांनी चाक न काढताही बघता येतात. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मोबाइलचा दिवा लावा आणि पुढच्या चाकामागे डोकवा. आत्ता बाहेर पार्किंगमध्ये चाळीसेक गाड्या आहेत. जेवायला अजून वीस मिनिटं आहेत, आणि माझ्याकडे टॉर्च आहे.